हरलेला हंगाम



आपल्या भाषेत 'हंगाम' हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. शेतकरी म्हणतो, 'यंदाचा हंगाम गेला.' वर्तमानपत्रातील खेळाच्या पानावरही तोच शब्द असतो. खेळाचा हंगाम दोन महिन्यांचा आणि कपाशीचा सहा-सात महिन्यांचा. पण हंगाम बुडाला की दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहतो : हरलेल्या माणसाशी आपण कसे वागावे?

आयपीएलमधील मुंबई इंडियन्स हा संघ आपल्याकडच्या मुलांना चांगला ठाऊक आहे. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पाच वेळा या संघाने विजेतेपद मिळवले. पाचही वेळा कर्णधार रोहित शर्मा होता. पुढे २०२२ साली हाच संघ पहिले आठ सामने ओळीने हरला आणि दहा संघांत शेवटचा आला. २०२४ साली पुन्हा तेच झाले. १४ सामने, ४ विजय, १० पराभव आणि शेवटचा क्रमांक.

२०२४ च्या हंगामात पराभवापेक्षा वाईट गोष्ट घडली ती प्रेक्षकांत. डिसेंबर २०२३ मध्ये संघमालकांनी रोहितला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. चाहत्यांना ते आवडले नाही. २४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादला पहिला सामना झाला आणि हार्दिकची हुर्यो उडवली गेली. त्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. जयजयकार करणारी तोंडे किती लवकर फिरतात, याचे वाचन आपण त्याच सकाळी चर्चमध्ये ऐकले होते. १ एप्रिलला मुंबईच्या वानखेडे मैदानावर, म्हणजे स्वतःच्या घरी, नाणेफेकीच्या वेळीही तोच प्रकार झाला. समालोचक संजय मांजरेकर यांना लोकांना 'नीट वागा' असे सांगावे लागले. ११ एप्रिलला त्याच मैदानावर प्रतिस्पर्धी संघातील विराट कोहलीने हातवारे करून प्रेक्षकांना थांबायला सांगितले. आपल्या माणसाची बाजू परक्याला घ्यावी लागली.

कोणी म्हणेल, यात एवढे काय बिघडले? खेळाडूंना कोट्यवधी रुपये मिळतात. प्रेक्षक पैसे देऊन तिकीट काढतो. मग नाराजी दाखवायचा त्याला हक्क नाही का?

हक्क आहे. कर्णधाराने गोलंदाज चुकीच्या वेळी बदलला असे वाटले, तर तसे म्हणावे. मालकांचा निर्णय पटला नाही, तर तेही स्पष्ट सांगावे. पराभवाला विजय म्हणण्यात काही प्रेम नाही. 'काही हरकत नाही' असे म्हणून चुका झाकल्या तर त्या पुढच्या वर्षी पुन्हा होतात. पण चूक दाखवणे आणि माणसाला खाली पाडणे यांत फरक आहे. तिकिटाच्या पैशात खेळ पाहायला मिळतो. खेळणाऱ्याचा मान त्या पैशात विकत मिळत नाही. शिवाय त्या दिवशी हुर्यो उडाली ती एखाद्या चुकीची नव्हतीच. नाणेफेकीच्या वेळी तर खेळ सुरूही झाला नव्हता!

आता पुढची गोष्ट पाहा. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. चेंडू हार्दिकच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा अवघड झेल घेतला आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ मुंबईत आला, तेव्हा त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला.

लोकांनी त्याला स्वीकारले याचा आनंदच आहे. पण मनाला एक प्रश्न विचारावा. तो झेल सुटला असता आणि चेंडू सीमेपार गेला असता, तर? गोलंदाजी तीच, मेहनत तीच, माणूसही तोच. फरक पडला असता तो दुसऱ्याने पकडलेल्या एका झेलाचा. माणसाची किंमत एवढ्यावर ठरत असेल, तर ती किंमत आपण त्या माणसाची करत नाही, निकालाची करतो. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण दुसऱ्यांविषयी बोलतो. पण ते वासे बहुतेक वेळा आपणच असतो.

हरणे हा गुन्हा नाही, हे साधा हिशेबही सांगतो. सामना निकाली निघाला की एक जिंकतो आणि एक हरतो. दहा संघ असले तर कोणीतरी दहावा येणारच. पुण्याचा पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला. ४६ सामन्यांत त्याला १२ विजय मिळाले. २०१२ साली शेवटचे नऊ सामने तो ओळीने हरला. तरी त्या प्रत्येक सामन्यात अकरा माणसे मैदानात उतरली, धावली, झेलासाठी झेपावली. जिंकणाऱ्याला विजय मिळतो तो समोर हरणारा शेवटपर्यंत उभा राहतो म्हणून.

आपण खानदेशातली माणसे. हे आपल्याला शेताने आधीच शिकवले आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. किती जणांनी उभ्या पिकात नांगर घातला! त्या वर्षी मेहनत कमी पडली होती काय? शेतकरी आपल्या जमिनीची हुर्यो उडवत नाही. तो पाहतो की बियाणे कुठे चुकले, फवारणी कुठे उशिरा झाली, आणि कोणती गोष्ट आपल्या हातातच नव्हती. मग जून आला की पुन्हा तिफण जुंपतो.

शेतात आपण एवढे समजूतदार असतो. घरात मात्र कधी कधी वानखेडेच्या प्रेक्षकांसारखे वागतो. दहावी-बारावीचा निकाल लागतो. मुलाला कमी गुण मिळतात किंवा एखादा विषय राहतो. मग जेवताना शेजारच्या मुलाचे टक्के ऐकवले जातात. पाहुण्यांसमोर तोच विषय निघतो. मुलाला वाटू लागते की आपण नापास झालो म्हणजे आपण कोणीच नाही. कोणाचे दुकान बसते, कोणावर कर्ज चढते, कोणाच्या मुलीचे लग्न मोडते. आपण काही वाईट बोलत नाही, फक्त त्यांच्याकडे जाणे कमी करतो. बाजारात समोरून आले तर रस्ता बदलतो. ही देखील हुर्योच आहे, फक्त तिला आवाज नाही. आणि तिच्यामुळे माणसे जगणे सोडून देतात, हे आपल्या जिल्ह्याला कोणी नव्याने सांगायला नको.

'अपयश ही यशाची पहिली पायरी' असे आपण धीर देताना म्हणतो. बोलणे चांगल्या मनाचे असते. पण सगळेच पराभव पायरी ठरत नाहीत. काही हंगाम बुडतात आणि भरून निघत नाहीत. अशा माणसालाही आपल्या शेजारी जागा हवी. तो उद्या जिंकेल म्हणून नव्हे, तर तो आपला आहे म्हणून.

२०२५ साली मुंबईचा संघ त्याच कर्णधाराच्या हाताखाली पहिल्या चारांत आला. विजेता मात्र झाला नाही. झाला असता तरी २०२४ मधील आपले वागणे त्याने बरोबर ठरले नसते. हरलेल्याला आपण कसे वागवले याचा हिशेब तो हरलेला असतानाच होतो.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करू या. आपल्या ओळखीत कोणाचा हंगाम बुडाला आहे, ते आठवू या. त्याच्या घरी जाऊ या. उपदेश नको, तुलना नको. चहा घेऊ, चार शब्द बोलू, आणि निघताना पुन्हा येतो म्हणून सांगू. आणि खरोखर पुन्हा जाऊ.