दान कोणाचे, भार कोणावर?

वारकरी सज्जनहो, कीर्तन आटोपले की वडीलधारी मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "महाराज, वय झाले. घरदार मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे की नाही?" प्रश्न वैराग्याचा दिसतो, पण त्यात एक पेच आहे.

समजा, एका विधुर गृहस्थाने राहते घर प्रेमाने मुलाला बक्षीसपत्राने दिले. पुढे म्हातारा अंथरुणाला खिळला. मुलगा म्हणाला, घरात करायला माणूस नाही. मग वृद्धाश्रम आला. तिथला दरमहाचा खर्च कोण भरते? सासरी नांदणारी लेक, आपल्या संसाराला चिमटा काढून! आता सांगा, घर दिले कोणी? कागदावर नाव बापाचे. फेडते आहे ती लेक.

दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, असे शास्त्रकार मानतात. सोडायचे ते आपले. आपल्या अन्नपाण्याचा, औषधाचा हिस्साही देऊन टाकला, की तो दुसऱ्या कोणाच्या ताटातून निघतो. तुकोबारायांनी खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण आवडीने सांगतो. पण आधी निम्मी खते त्यांनी धाकट्या कान्होबांच्या हाती दिली, आणि बुडविली ती फक्त आपल्या वाट्याची, हे मात्र विसरतो. वैराग्य करावे ते आपल्या वाट्याचे!

कोणी म्हणेल, "गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा नसलेले दान सात्त्विक म्हटले आहे. मग सांभाळाची अट लिहिणे हा दानाला डाग नव्हे काय?" शंका रास्त आहे. पण मुलाला घर देणे ही वाटणी आहे. तिला दानाचे नाव कशाला द्यावे? वाटणीत अट लिहिणे हा अविश्वास नव्हे. मनात अपेक्षा ठेवून तोंडाने "मला काही नको" म्हणणे, हा मात्र दंभ.

व्यवहारही समजून घ्यावा. बक्षीसपत्र नोंदले, मुलाने घर स्वीकारले, की ते लहर लागेल तेव्हा परत घेता येत नाही. मृत्युपत्र मरणानंतर लागू होते आणि हयातीत बदलता येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे : सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, घेणाऱ्याने सांभाळ टाळल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द करवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट दिसलीच पाहिजे असे म्हटले. २०२५ मध्ये कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताने उदारपणे लावला. तरी अट कागदावर असलेली बरी.

पुंडलिकाने आईबापांची सेवा केली ती घराच्या आशेने नव्हे. म्हणून तर देव विटेवर उभा राहिला. तशी सेवा विकत मिळत नाही आणि कायद्यानेही करवून घेता येत नाही. पण आपल्या औदार्याचे ओझे गरीब लेकीच्या डोक्यावर पडू न देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. आधी आपल्या शेवटच्या आजारपणाची तरतूद बाजूला काढावी, सर्व लेकरांना समोर बसवून बोलावे, आणि मग उरलेले हसतमुखाने द्यावे.

रामकृष्ण हरि!