घरविक्री आणि सत्यवचन

दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, मराठी माणसाला आता परका राहिलेला नाही. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. त्या मार्गालगतच्या एका जुन्या इमारतीत आमच्या वडिलांचे एका शयनगृहाचे लहानसे घर आहे. त्यांच्या पश्चात मी व माझ्या धाकट्या बहिणीने ते विकावयाचे ठरविले आणि दलालाच्या सल्ल्याने आधी नवे करून घेतले. शयनगृहाच्या एका भिंतीत वरच्या मजल्यावरून ओल उतरते. पावसाळ्यात तेथे गिलावा टिकत नाही. कारागिराने त्या भिंतीवर लाकडी फळ्या बसविल्या. खोलीला शोभा आली.

पहिले ग्राहक एक निवृत्त शिक्षक. त्यांनी विचारले, “पावसाळ्यात काही त्रास?” मी म्हणालो, “सगळे घर नुकतेच नवे करून घेतले आहे.” या वाक्यात एक अक्षरही असत्य नव्हते. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे विवरण करताना म्हटले आहे की, आपला बोध दुसऱ्याच्या मनात उतरावा यासाठी वाणी असते. म्हणून ती फसविणारी, भ्रांत वा बोधशून्य नसावी. म्हणजे सत्याची कसोटी केवळ वाक्यात नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय पोचविले यात आहे. शब्दन्‌शब्द बरोबर ठेवून अर्थ चुकविता येतो, हे तर अनुवादकाला वेगळे सांगावयास नको. माझ्याजवळ होती ती ओली भिंत. शिक्षकांच्या मनात मी उतरविली ती कोरडी. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपात सत्यासोबत प्रिय आणि हितही सांगितले आहे. माझे वाक्य प्रिय होते खरे. हित कोणाचे होते?

हा प्रश्न जुनाच आहे. रोमच्या सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिताना सदोष घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले. ‘वाईट घर विकणे आहे’ अशी दवंडी कोणी पिटवील काय, असे तेथे डायोजेनीझच्या बाजूने विचारले आहे. सिसेरोचा स्वतःचा निर्णय मात्र दोष सांगावा असाच. कौटिल्याने तर घर विकताना शेजारच्या चाळीस कुटुंबांसमक्ष, घराच्या दारापुढे, खरोखरच घोषणा करावयास सांगितली आहे. घराचे व्यंग शेजाऱ्याइतके कोणास ठाऊक असते? आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलमही, विरुद्ध करार नसेल तर, विकणाऱ्यास ठाऊक असलेला व घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करावयास लावते. उघडी ओली भिंत कोणासही दिसली असती. फळ्या ठोकून ती न दिसणारी मीच केली होती.

सकाळी शिक्षकांना पुन्हा बोलाविले. दोन फळ्या काढल्या. त्यांनी भिंतीवर तळहात टेकला, काही क्षण तसाच ठेवला आणि विचार करून कळवितो म्हणाले.

बहिणीला हे कळताच ती म्हणाली, “दादा, तू भिंत दाखवलीस, ती एकट्या तुझी होती का?” तिच्या मुलीचे शिक्षण या पैशावर अवलंबून आहे. येथे मी अडखळलो. आपल्या पैशाने सत्यवादी होणे सोपे. दुसऱ्याच्या पैशाने होण्याचा अधिकार कोणी दिला? पुष्कळ विचारांती मला वाटते की, वडिलांनी तिला दिले ते ओल्या भिंतीच्या घराचे अर्धे. कोरड्या भिंतीची किंमत कधी तिची नव्हती, माझीही नव्हती. ती त्या शिक्षकांच्या खिशातली होती. परंतु तिला न विचारता मी घाई केली आणि तिचे दिवस खर्ची घातले, हा माझा अपराध उरतोच. म्हणून किंमत जितकी उतरेल तितकी माझ्या वाट्यातून जावी, असे तिला कळविले आहे. त्यावर ती काही बोलली नाही.

वरच्या मजल्यावरील गृहस्थांशी नळदुरुस्तीचे बोलणे चालू आहे. शिक्षकांचा निरोप अद्याप आलेला नाही. फळ्या भिंतीशी टेकून ठेविल्या आहेत.