आजचं चिंतन : 'स्वतःसारखं' म्हणजे कुणासारखं?

आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला, 32 वा. भगवंत सांगतात, दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःसारखंच जाणतो, तो श्रेष्ठ योगी. वाचायला सोपा श्लोक. पण गेल्या महिन्यात गावी, बेंबळीला, मी त्यात सपशेल नापास झालो.

माझा मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. संध्याकाळी घरात आरती सुरू झाली. घंटा, झांजा, टाळ्या. त्यानं कान गच्च दाबले आणि ओरडत अंगणात पळाला. मी त्याला हाताला धरून परत आणलं. "देवाची आरती आहे, पाच मिनिटं थांबता येत नाही?" त्यानं स्वतःचंच मनगट चावलं. आईनं झांज खाली ठेवली आणि म्हणाली, "आरं, लेकराला तरास व्हायलाय बघ. हळू म्हटली तरी पोचती की आरती."

मित्रांनो, मला माहिती नव्हती असं नाही. आवाज, स्पर्श, प्रकाश अशा मुलांना फार तीव्र जाणवू शकतात. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये ऑटिझमच्या निकषांत याचा समावेश आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही ऑटिझम आहे. सगळं वाचलेलं. तरीही त्या क्षणी मी 'स्वतःसारखं'चा अर्थ लावला : मला त्रास होत नाही, म्हणजे त्यालाही व्हायला नको. माझा कान हेच माप!

श्लोकाचा अर्थ उलटा आहे. माझं डोकं दुखतं तेव्हा मी स्वतःकडे पुरावा मागत नाही. तेवढाच विश्वास त्याच्या दुखण्यावर ठेवायचा.

कुणी म्हणेल, गीतेतच दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण सहन कर असं सांगितलंय ना? सांगितलंय, पण अर्जुनाला. तितिक्षा स्वतः स्वीकारायची असते, लेकरावर लादली की ती जबरदस्ती होते. आणि त्या संध्याकाळी सहन करायचं होतं ते खरं तर मी. काय? पाहुण्यांच्या नजरा. मी देवासाठी नाही, त्या नजरांसाठी त्याला ओढत आणलं होतं.

आमच्याच जिल्ह्यात तेर आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन ते चिखल तुडवत होते आणि रांगत आलेलं बाळ पायाखाली गेलं, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. पुढे विठ्ठलकृपेनं बाळ परत मिळालं. लहानपणी मला त्यात फक्त भक्ती दिसायची. आता त्या बाळाचं रडणं ऐकू येतं. काकांना ते ऐकू आलं नाही, कारण त्यांची तंद्री खरी होती. माझी कसली तंद्री? मला रडणं स्पष्ट ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आरती घंटेविना, हलक्या आवाजात झाली. तो ओसरीवरच बसला, कानावर हेडफोन. आत आला नाही. मी बोलावलंही नाही. बाहेरचं जग काही आवाज कमी करणार नाही, त्याची सवय त्याला हळूहळू, त्याच्या कलानं लावावी लागेल. पण निदान घर आणि देव, या दोन जागा त्याला भीतीच्या वाटू नयेत.

आजचा अभ्यास : "एवढ्याशानं काय होतं?" हे वाक्य ओठांवर आलं, तर एकदा थांबा. विचारा, "तुला कसं वाटतंय?"

राम कृष्ण हरी!