तीस पारे पाठ, दाखला कुठाय?

मे २०२३ च्या अखेरीस दानापूर-पुणे गाडीतून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवून घेतली गेली. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ही पोरं पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. बालमजुरीसाठी तस्करी चालल्याचा संशय आला, सोबतच्या पाच जणांना अटक झाली. ते चार आठवडे कोठडीत राहिले, मुलं बारा दिवस बालगृहात. पुढच्या वर्षी रेल्वे पोलिसांनीच, गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचं सांगत, प्रकरण बंद केलं. अटकेच्या बातमीला मिळाली तेवढी जागा या दुसऱ्या बातमीला मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

मराठी वाचकाला मदरशाचं हे जग वाटतं तितकं परकं नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. घर सोडून आलेली मुलं तिथे ज्ञानेश्वरी, गाथा शिकली, माधुकरीवर राहिली. मदरशात माधुकरीच्या जागी जकात आणि चंदा असतो. शिक्षण हक्क कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती तर मदरसे आणि वेदपाठशाळा दोघांनाही एकाच वाक्यात कायद्याबाहेर ठेवते. फरक पडतो तो रेल्वेच्या फलाटावर. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या पोरांचा घोळका दिसला म्हणून सहसा कुणी पोलिसांना फोन करत नाही.

मदरशातला मुलगा फजरच्या नमाजाआधी उठतो. नवा सबक (धडा) उस्तादांना म्हणून दाखवायचा, मग अलीकडचा, मग आमोख्ता, म्हणजे मागचं सगळं. कुराणाचे तीस पारे (भाग), सहा हजारांहून जास्त आयती, आणि भाषा अशी की अर्थ बहुधा पुढे कधीतरी कळणार. काही वर्षांनी सगळं कुराण पाठ झालं की मुलगा हाफिज होतो आणि त्याची दस्तारबंदी, म्हणजे फेटा बांधण्याचा सोहळा, होते. रमजानमध्ये तरावीहच्या रात्रीच्या नमाजाला हा कोवळा हाफिज पुढे उभा राहतो आणि बापाच्या वयाची माणसं त्याच्या मागे. हा मान खरा आहे आणि कष्टाने कमावलेला आहे.

पण मानावर चूल पेटत नाही. बोईसरला लागून असलेल्या सरावलीत तारापूर एमआयडीसीच्या कामगारांची बिऱ्हाडं आहेत, त्यांतली कितीतरी उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली. अशा घरातला हाफिज कारखान्याच्या गेटवर उभा राहिला, तर तिथे दहावीची गुणपत्रिका विचारतात, आयटीआय विचारतात. आठ-दहा वर्षं पुस्तकांत घालवलेला हा मुलगा कागदोपत्री अडाणीच ठरतो आणि हेल्परच्या रांगेत लागतो.

मग दोष धर्माचा का? इथे इमाम गजालींना विचारावं. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारे, ११११ मध्ये वारलेले गजाली ‘इह्या उलूम अल-दीन’मध्ये वैद्यक आणि अंकगणित यांना फर्ज-ए-किफाया, म्हणजे सामूहिक कर्तव्य, म्हणतात. गावात एकानेही ते शिकलं नाही, तर पाप सगळ्या गावाचं. त्यांची तक्रार आजही बोचते: गावागावांत मुसलमान वैद्य मिळत नाही आणि जो तो फिकहकडे, म्हणजे धर्मकायद्याकडे, धावतो, कारण त्यात काजीची गादी आणि वक्फचा कारभार मिळतो. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालात घडलेल्या दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमातही तर्कशास्त्र, गणित, खगोल होतं. १८५७ च्या पराभवानंतर, १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा उभा राहिला, तेव्हा हातातलं जेवढं वाचेल तेवढं वाचवण्याची घाई होती. ती समजण्यासारखी होती. तिलाच दीडशे वर्षांनी परंपरा म्हणून कवटाळणं समजण्यासारखं नाही. दीनी आणि दुनियावी इल्ममधली, म्हणजे धर्माच्या आणि व्यवहाराच्या ज्ञानातली, आजची भिंत गजालींनी बांधलेली नाही.

ही भिंत ओलांडता येते हे सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारच्या अक्कलकुव्यात दिसतं. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये तिथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली. आज हिफ्जच्या (कुराण पाठांतराच्या) वर्गांच्या जोडीला फार्मसी, अभियांत्रिकी आहे, आणि जालन्याजवळ बदनापूरला याच संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय. हेच वस्तानवी जानेवारी २०११ मध्ये देवबंदचे मोहतमिम (प्रमुख) झाले आणि गुजरातविषयीच्या वक्तव्याच्या वादात जुलैमध्ये पदावरून गेले.

राज्य सरकारचं धोरण मात्र धरसोडीचं. जुलै २०१५ मध्ये गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य मोजायचं ठरलं. म्हणजे संस्थेचं उणं मुलाच्या कपाळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड.वाल्यांचं ८,००० वरून १८,००० रुपये झालं. मुहूर्त काहीही असो, निर्णय योग्य होता.

मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की शाळेच्या वयातली जेमतेम तीन टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. एवढ्या थोड्यांना दहावीपर्यंत नेणं अवघड नाही. तेव्हा बापाला आणि मोहतमिमांना विनंती एवढीच: पाचवीपर्यंतची शाळा तोडू नका, नाव काढताना शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जपून ठेवा, आणि मुलगा चौदा वर्षांचा झाला की हिफ्ज चालू असतानाच बाहेरून दहावी देण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरा.