संशयिताच्या घरची कॉफी

स्कँडिनेव्हियातील गुन्हेकथांच्या नेहमीच्या वाचकाला एक दृश्य इतके परिचित झालेले असते की त्याकडे त्याचे लक्षही जात नाही. बाहेर पाऊस किंवा बर्फ. दारात पोलीस अधिकारी. दार उघडणारी व्यक्ती कधी मृताची आई, कधी शेजारी, तर कधी पुढे खुनी ठरणारा मनुष्य. ओळख सांगून होते न होते तोच विचारणा होते: कॉफी घेणार ना? अधिकारी बहुधा होकार देतो. माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने 1965 ते 1975 या काळात लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांचा नायक मार्टिन बेक याला पोटाचा विकार आहे, कॉफी त्याला सोसत नाही. तरीही तो ती पितो. स्टीग लार्सनच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या तीन कादंबऱ्यांत तर इतकी कॉफी रिचवली जाते की तो थट्टेचा विषय होऊन बसला.

हा केवळ वास्तववादी तपशील आहे, असे म्हणून विषय संपवता येईल. उत्तरेकडील ही राष्ट्रे दरडोई कॉफीसेवनात जगात अग्रेसर आहेत, आणि त्यांतही फिनलंड पुढे; तेव्हा कादंबरीतील माणसे कॉफी पिणार नाहीत तर काय करतील? परंतु या कपाच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्या हातचे काही घ्यावे काय? आणि घेतल्यानंतर संशय घेण्याचा अधिकार पूर्वीइतकाच शाबूत राहतो काय?

भारतीय परंपरेने हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला आहे. पांडवांच्या साहाय्यास निघालेला शल्य वाटेवरच्या मंडपांतील पाहुणचाराने संतुष्ट होतो, यजमानाला वर देऊ करतो, आणि तो यजमान दुर्योधन आहे हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. उलट शिष्टाईस गेलेला कृष्ण दुर्योधनाचे भोजन नाकारतो आणि विदुराच्या घरी जेवतो. खाल्ल्या मिठाला जागावे लागते, हे दोघांनाही ठाऊक होते. फरक इतकाच की एकाला ते वेळेवर आठवले. या दृष्टीने पाहिले तर मार्टिन बेकने प्रत्येक दारी कप नाकारायला हवा.

तो नाकारत नाही, याचे एक कारण त्या कॉफीच्या इतिहासात आहे. स्वीडनमध्ये 1756 साली कॉफीवर बंदी आली, उठली, पुन्हा आली. 1820 च्या दशकापर्यंत हा खेळ चालू होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घरोघरी दारू गाळण्याचा हक्क संपला, मद्यपानविरोधी चळवळ वाढली, आणि पाहुण्यासमोर ठेवायच्या पेल्याची जागा कॉफीने घेतली. प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कॉफी, दफनानंतर कॉफी, नळ दुरुस्त करायला आलेल्या कारागिरालाही कॉफी. स्वीडिश भाषेतील ‘फीका’ हा शब्द (मराठी कानाला तो किती फसवा!) कॉफीच्या जुन्या नावातील अक्षरांची उलटापालट होऊन बनला आणि आता तो पेयापेक्षा एकत्र बसण्याच्या विरामालाच अधिक लागू पडतो. जे सर्वांनाच दिले जाते त्याने कोणी कोणाचे मिंधे होत नाही. ते मीठ नव्हे.

हे उत्तर समाधानकारक वाटते, पण जरा जास्तच सोपे आहे. यजमानीण स्वयंपाकघरात गेली की अधिकारी काय करतो? तो उठतो, मांडणीवरची छायाचित्रे पाहतो, दारामागच्या कोटांची संख्या मोजतो. कांटने 1785 मध्ये मांडलेली, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये ही आज्ञा येथे नेमकी अडते, आणि सारा भार ‘केवळ’ या शब्दावर येऊन पडतो. मुलाच्या मृत्यूची वार्ता ऐकलेली आई कॉफी करायला उठते, तेव्हा तिच्या हातांना काम हवे असते; त्या घटकेला ती दुर्दैवाची शिकार नसून घरधनीण असते. तेथे नकार देणे हे निःस्पृहपणाचे नसून कठोरपणाचे लक्षण ठरेल. बेकचे दुखणारे पोट ही या होकाराची खरी किंमत आहे, आणि त्याच्या निर्मात्यांनी ती त्याला भरायला लावली हे त्यांच्या जाणतेपणाचे द्योतक म्हणावे लागेल. स्वीडिशमध्ये त्याच कपात दुसऱ्यांदा ओतलेल्या कॉफीला ‘पोतोर’ म्हणतात. त्यातील ‘तोर’ म्हणजे थेंब, आणि अश्रूही. त्या दुसऱ्या ओतण्याच्या वेळीच माणसे बहुधा बोलू लागतात.

कप उलट दिशेने फिरला, अधिकाऱ्याकडून संशयिताकडे, की मात्र प्रश्नाचे रूप पालटते. आता यजमान सत्ताधारी असतो आणि पाहुण्याला उठून जाता येत नाही. हा निव्वळ तर्क नव्हे. नॉर्वेच्या कार्मोय बेटावर 1995 साली एका सतरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिच्या तरुण नातेवाइकाने दीर्घ चौकशीनंतर कबुली दिली; 1997 मध्ये तो दोषी ठरला, 1998 मध्ये वरच्या न्यायालयात निर्दोष सुटला. त्याला कोणी मारझोड केली नव्हती. एकांतात ठेवलेल्या माणसाशी तासन्‌तास आपुलकीने बोलत राहणे, हेच तेथील साधन होते. शेजारी कॉफीचा कप होता की नव्हता, याला फारसे महत्त्व नाही. एकाकी माणसाला ऊब देऊन तिच्या मोबदल्यात हवी ती कथा वदवून घेता येते, हे महत्त्वाचे. शल्याच्या मंडपाचीच ही दुसरी आवृत्ती म्हणायची.

या प्रकरणानंतर नॉर्वेच्या पोलिसांनी सौजन्य सोडले नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी चौकशीची नवी पद्धती स्वीकारली. तीत कबुली हे उद्दिष्ट नसून माहिती हे उद्दिष्ट आहे; संशयिताला त्याचे हक्क आधी सांगायचे, मोकळे प्रश्न विचारायचे, त्याला अडवायचे नाही, आणि तो निर्दोष असण्याच्या शक्यतेचीही तितक्याच कसोशीने तपासणी करायची. संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते, म्हणजे अधिकाऱ्याचे बोलणेही पुढे न्यायाधीशाच्या कानी पडू शकते. कॉफी हवी का, हा प्रश्न तेथे आजही विचारता येतो; फक्त तो आता मुद्रणयंत्र सुरू असताना विचारला जातो.