न दिसलेल्याची खात्री

वेरूळच्या एकाच कातळात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी शेजारी शेजारी कोरलेली आहेत. या परंपरांचे पंडित शतकानुशतके वाद घालत राहिले: जे डोळ्यांना दिसत नाही, ते आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे? बौद्ध तार्किकांनी दोन प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली; न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी चार; अनुमान दोघांनाही मान्य. प्रत्यक्ष तेवढेच मानणाऱ्या चार्वाकांनी ते नाकारले. धूर दिसला की अग्नी असणार, हे अनुमानाचे ठरलेले उदाहरण. धूर आणि अग्नीचे नाते सर्व काळी टिकते, हे पाहिले कोणी? हा आक्षेप आजही कसदार आहे, आणि त्याची खरी परीक्षा आकाशातल्या पाण्याच्या मेसरपाशी होते.

सूर्याच्या आठपटींहून जड तारे धुळीच्या दाट ढगात जन्मतात. दृश्य प्रकाश तिथून बाहेर येत नाही. पण नवजात ताऱ्याने फेकलेला झोत भोवतालच्या वायूवर आदळतो, पाण्याचे रेणू उत्तेजित होतात आणि २२.२३५ गिगाहर्ट्‌झची रेडिओलहर त्यांच्यातून जाताना वाढत वाढत प्रखर होते; हाच पाण्याचा मेसर. १९६९ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी मृगाच्या तेजोमेघातून ती टिपली. म्हणजे धूर दिसला. अग्नी सिद्ध झाला का? नाही. तसेच मेसर म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांभोवती, लहान भ्रूणताऱ्यांजवळ, दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांतही सापडले. न्यायाच्या भाषेत हेतू, म्हणजे जिच्यावरून अनुमान करायचे ती खूण, सव्यभिचार निघाला: जड तारा नसतानाही ती सापडते. यावर नैयायिक उपाधी, म्हणजे लपलेली अट, शोधायला सांगतात: ओले इंधन असेल तरच अग्नीवरून धुराचे अनुमान करता येते. खगोलशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. १९९१ मध्ये सापडलेला ६.७ गिगाहर्ट्‌झचा मिथेनॉल मेसर जवळजवळ केवळ जड ताऱ्यांच्या जन्मस्थळीच आढळतो. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण सुमारे १४५० मेगाहर्ट्‌झपर्यंतच ऐकते, त्यामुळे पाण्याची लहर तिच्या कक्षेबाहेर. पण अशाच ताऱ्यांनी आयनित केलेल्या हायड्रोजनचे प्रारण ती टिपते. परस्परांवर न विसंबणारे हेतू एकाच ठिकाणी बोट दाखवतात, तेव्हा न पाहिलेला ताराही ज्ञात म्हणावा लागतो.

मग कोणी विचारेल, जग हे कार्य आहे म्हणून त्याचा कर्ता ईश्वर, हे नैयायिक उदयनाचार्यांचे अनुमानही याच तोलाचे का मानू नये? चार्वाकाला त्यांनी दिलेले उत्तर मला पटते: न पाहिलेल्या काळाविषयी शंका घेणाराही तो काळ अनुमानानेच गृहीत धरतो. ईश्वराचे अनुमान मात्र पटत नाही. मेसरच्या अनुमानाला विपक्ष, म्हणजे जड तारा नसलेले उदाहरण, भेटला; म्हातारे तारे आडवे आले, म्हणून ते सुधारले. जग एकच आहे. कर्त्यावाचून झालेले दुसरे जग ताडून पाहायला आपल्याजवळ नाही. यातून ईश्वर नाही असे ठरत नाही. पैठणच्या संत एकनाथांची भक्ती अशा अनुमानावर उभी नव्हती, आणि भाविकालाही त्याची गरज नाही.