आभाळातला वाढपी

चकल्यांचा पहिला घाणा कढईत होता आणि लोहगावहून उडालेले सुखोई घराच्या पत्र्यांना हादरवीत गेले. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, यांना आभाळात भूक लागली तर वाढतं कोण?"

तिने गमतीने विचारले. पण वाढपी खरोखरच आहे. आपल्या हवाई दलाची इल्युशिन-78 ही टँकर विमाने आग्र्याला असतात. 2003 पासून ती हे काम करीत आहेत. टँकर लांब नळी मागे सोडतो. तिच्या टोकाला टोपलीसारखे नरसाळे असते. सुखोईने नाकाच्या डावीकडची नळी त्यात अचूक घालायची. वाढणारा एका चालीने सरळ जातो. जपून जवळ यायचे ते घेणाऱ्याने.

टँकरच्या शेपटात एक माणूस मागे तोंड करून बसतो आणि ही पंगत डोळ्यांत तेल घालून पाहतो. गंमत अशी, की ज्या इल्युशिन-76 वरून हे विमान बेतले, त्याच्या लष्करी नमुन्यात त्याच जागी तोफा चालविणारा बसे. तोफ गेली, वाढपी आला. मग तो निर्दोष झाला का?

पांडवांच्या मदतीला निघालेल्या शल्याची दुर्योधनाने वाटेत बडदास्त ठेवली आणि तेवढ्यावर शल्य कौरवांचा झाला. खाणारा मिठाला जागतो, हे आपण जाणतो. पण वाढणाऱ्याचे काय? तृप्त होऊन गेलेले विमान नुसती गस्त घालील, की कुठे बाँब टाकील? टाकलाच, तर शेपटातला माणूस म्हणेल, "मी फक्त वाढले." मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. त्या इंधनावाचून ते विमान तिथवर पोचलेच नसते. देश राखल्याचे श्रेय आपण त्याला देतो ना? मग चूक घडली, तर तिचाही वाटा त्याच्याकडे येतो.

आणि त्याच्याकडेच का? टँकरमधले तेल तुमच्या-माझ्या करातून भरलेले असते. आपण त्याच्याही मागच्या ओळीतले वाढपी! फरक एवढाच, की तो ज्याला वाढतो त्याच्याकडे तोंड करून बसलेला असतो. आपण मात्र वाढतो आणि पाठ फिरवतो. पुढे काय झाले, याची चौकशीही करीत नाही.

"अहो, कसला विचार चाललाय? शेजारी ताट द्यायचंय," सौभाग्यवती म्हणाली. ताट घेऊन मी निघालो. या वेळी मात्र दारातूनच परत फिरलो नाही, घटकाभर बसलो.